आखाजीनंतर ग्रँड कॅन्यन

पुढच्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उरकली की अमेरिकेत लेकीकडे जायचे आणि तिथून ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान पाहायचे, एवढे आमच्या घरात आता नक्की झाले आहे. जाणारे आम्ही चौघे: रावेरकडे केळीची शेती करणारे थोरले बंधू आप्पा, भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले दाजी, सौ. आणि मी. आक्काने विमानात बसायला साफ नकार दिला असून तिची समजूत घालण्याचे काम दाजींनी माझ्यावर ढकलले आहे. लेक आणि जावईबापू ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात राहतात. तिथून दरीचा दक्षिण कडा मोटारीने सुमारे 370 किलोमीटर, म्हणजे साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे. जळगावातल्या आणि धुळ्यातल्या बऱ्याच ओळखीच्या मंडळींना पुढेमागे मुलांकडे जायचे असल्यामुळे आमची आखणी कशी होत गेली ते सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवात अर्थातच चुकीच्या टोकाने झाली, म्हणजे स्थळांच्या यादीने. कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर जो तो एकेक फोटो टाकू लागला आणि दरीवर तरंगणारा काचेचा पूल, निळ्याशार पाण्याचा धबधबा, लास वेगासचे दिवे, उत्तर कडा, दक्षिण कडा असे सगळे एकाच सहलीत बसवण्याचा आग्रह सुरू झाला. यातली मेख अशी की ही सगळी ठिकाणे ग्रँड कॅन्यनच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती एका आवारातली नाहीत. दरीची लांबी नदीच्या मार्गाने 446 किलोमीटर आहे, रुंदी काही ठिकाणी 29 किलोमीटरपर्यंत जाते आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक आहे. काचेचा पूल, म्हणजे 2007 साली खुला झालेला स्कायवॉक, हुआलापाई या आदिवासी समाजाच्या जमिनीवर असून तो राष्ट्रीय उद्यानात येतच नाही. त्याचे तिकीट वेगळे आणि दक्षिण कड्यापासून तिथे पोहोचायला चार-पाच तास लागतात. निळ्या पाण्याचा हवासू धबधबा हवासुपाई समाजाच्या भूमीत असून तिथे जायला त्यांचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो आणि बरीच पायपीट करावी लागते. दाजींना मात्र हे पटायला वेळ लागला. “काचेवर उभं नाही राहिलो तर भुसावळला जाऊन सांगू काय?” हा त्यांचा प्रश्न अजूनही अधूनमधून डोके वर काढतो.

उत्तर कड्याचा विचार आम्ही लवकरच सोडून दिला. समोरासमोरचे हे दोन कडे पक्ष्याच्या वाटेने साधारण 16 किलोमीटरवर असले, तरी मोटारीने एकाकडून दुसऱ्याकडे जायला जवळपास 350 किलोमीटरचा वळसा पडतो. शिवाय तो कडा अधिक उंच असल्यामुळे बर्फासाठी हिवाळाभर बंद असतो आणि एरवी साधारणपणे मेच्या मध्यावर उघडतो. त्यातच जुलै 2025 मधल्या वणव्यात तिथले जुने लॉज जळून गेले. दक्षिण कडा वर्षभर उघडा असतो. राहण्याची, जेवणाची आणि फिरत्या बसची सोय तिथेच चांगली आहे. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसांनी फाटे न फोडता तोच धरावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

एकदा कडा ठरल्यावर मग स्थळांची यादी बाजूला ठेवून आम्ही उन्हाचे वेळापत्रक मांडले, आणि माझ्या मते या सहलीची खरी आखणी इथेच होते. भर दुपारच्या प्रकाशात दरी सपाट आणि पांढुरकी दिसते. तिचे थर, सुळके आणि कोपरे उमटतात ते तिरप्या उन्हात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे पहाटे साडेपाचच्या आसपास सूर्य उगवतो आणि सायंकाळी सव्वासातनंतर मावळतो. म्हणजे पाहण्यासारखे जे आहे ते सकाळच्या दोन-तीन आणि संध्याकाळच्या दोन-तीन तासांतच आहे. लास वेगासहून पहाटे निघून रात्री परत आणणाऱ्या सहली स्वस्त आणि सोयीच्या वाटतात, पण एका बाजूचा साडेचार तासांचा रस्ता धरला तर प्रवासी दरीवर पोहोचतो तो नेमका ऐन दुपारी, आणि प्रकाश खुलायच्या आत पुन्हा बसमध्ये बसतो. म्हणून आम्ही दोन रात्री कड्यावरच काढायच्या ठरवल्या. सकाळी आणि संध्याकाळी बाहेर, दुपारी जेवण, वामकुक्षी किंवा संग्रहालय. वैशाखात शेतावर जाणाऱ्या माणसाला हा दिनक्रम नव्याने शिकवावा लागत नाही.

मे महिना निवडला तो जावईबापूंच्या रजेमुळे, पण तो सोयीचाही निघाला. शाळांच्या सुट्टीची मोठी गर्दी जूनपासून उसळते, आणि जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथेही पावसाळा असतो. दुपारी ढग जमून कड्यावर विजा पडतात. मेमध्ये दक्षिण कड्यावर दिवसाचे तापमान साधारण 20-22 अंश असते, रात्री मात्र ते चार-पाच अंशांपर्यंत उतरते. जळगाव 44 अंशांवर असताना घर सोडायचे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानटोपी घालायची, असा हा प्रकार आहे. त्यामुळे स्वेटर आणि कानटोप्या थंडी संपायच्या आतच घेऊन ठेवायच्या आहेत, कारण एप्रिलमध्ये आमच्याकडे दुकानदार स्वेटर मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. दक्षिण कड्याची उंची सुमारे 2,100 मीटर आहे, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या दिवशी चालताना दम लागणे साहजिक आहे, म्हणून तो दिवस आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला आहे.

दरीत उतरण्याच्या प्रश्नावर घरात बरीच चर्चा झाली. आप्पांचे म्हणणे असे की सातपुड्यात जन्म गेला, अस्तंब्याची यात्रा पायी केली, तर या दरीत थोडे उतरायला काय हरकत आहे? हरकत अशी आहे की डोंगराच्या बाबतीत आपण आधी चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथे सगळे उलटे आहे. ताज्या पायांनी उतार लागतो, हवा गार असते, आणि दमल्यावर, ऊन चढल्यावर, वरची वाट समोर उभी राहते. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असे उद्यानाचे सांगणे आहे. जितके खाली जावे तितकी उष्णता वाढत जाते. नदीकाठ कड्यापेक्षा दहा-बारा अंशांनी अधिक तापलेला असतो आणि उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नये अशा पाट्याच लावलेल्या आहेत, आणि ज्या उष्म्याची आपल्याला सवय आहे असे आपण समजतो, त्याच उष्म्यात आपण दुपारी बारा वाजता डोंगर चढायला निघत नाही, एवढे आप्पांना सांगितल्यावर ते जरा नरमले. ब्राइट एंजल या नावाजलेल्या पायवाटेवर दीड मैलावर पहिला विसावा आहे. तिथपर्यंत सुमारे 340 मीटरचा उतार आहे आणि जाऊन येऊन दोन ते चार तास मोडतात. तरुणांसाठी तेवढे पुरेसे आहे. आप्पांसाठी त्याच वाटेवरचा खडकातला पहिला बोगदा ठरला आहे, जो अगदी सुरुवातीला लागतो. लेक आणि जावईबापू सकाळी लवकर विसाव्याकडे उतरतील आणि आप्पा बोगद्यातून पलीकडचा देखावा पाहून माझ्याबरोबर वर येतील, असा तह झाला आहे.

मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ आहे ती कड्याकाठच्या एका सपाट, फरसबंद वाटेची. यावापाई येथील भूशास्त्र संग्रहालयापासून गावठाणाकडे जाणाऱ्या या वाटेला ‘ट्रेल ऑफ टाइम’ म्हणतात. वाटेत दर मीटरला जमिनीत धातूची एक खूण बसवलेली आहे आणि प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. संग्रहालयापाशी आजचा दिवस. तिथून चालायला लागले की माणूस मागच्या काळात जात राहतो, आणि त्या त्या वयाचे खडक दरीतून आणून, एक बाजू घासून गुळगुळीत करून कडेला मांडलेले असतात, त्यांना हात लावून पाहता येतो. मी घरी बसून या वाटेचा हिशेब मांडला. कोलोरॅडो नदीने ही दरी कोरली ती गेल्या साधारण 50 ते 60 लाख वर्षांत, म्हणजे पहिल्या पाच-सहा मीटरांतच ती कोरून संपते. सातपुडा, अजिंठ्याचे डोंगर आणि आपल्या विहिरी खोदताना लागणारा काळा पाषाण ज्या लाव्ह्याने घडला तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे 66 व्या मीटरवर. कड्याचा सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत नवा चुनखडीचा थर 27 कोटी वर्षांचा आहे. तो 270 व्या मीटरवर येतो. याचा अर्थ दरीतला सर्वांत कोवळा थरही आपल्या काळ्या पाषाणाच्या चौपट वयाचा आहे. तळाचे गडद खडक तर 1,700 मीटरच्याही पुढे लागतात, आणि त्यांना भूशास्त्रात विष्णू, ब्रह्मा आणि राम यांची नावे आहेत. दरीतल्या सुळक्यांना पौराणिक नावे देण्याची ही रीत क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात पाडली. त्यामुळे विष्णू मंदिर, शिव मंदिर आणि ब्रह्मा मंदिर या नावांची शिखरे तिथल्या नकाशावर आहेत. सौ.ने हे ऐकल्यावर देऊळ कुठे आहे असे विचारले. देऊळ नाही, नुसता डोंगर आहे, म्हटल्यावर तिचा थोडा हिरमोड झाला.

दाजींची मागणी वेगळीच होती. विल्यम्स या गावाहून दक्षिण कड्यापर्यंत 1901 साली रेल्वे आली. मोटारींमुळे 1968 मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या आणि 1989 मध्ये ती पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली, हे त्यांनी आमच्या आधी शोधून काढले होते. सुमारे 105 किलोमीटरचा हा प्रवास सव्वादोन तासांचा आहे. अडचण अशी की गाडी दुपारच्या सुमारास पोहोचून दुपारीच परत फिरते, म्हणजे पुन्हा तो पांढुरका प्रकाशच पदरी पडतो. शेवटी तोडगा असा निघाला की प्रवास मोटारीनेच करायचा, पण गाडी यायच्या वेळेला दाजींना कड्यावरच्या जुन्या लाकडी स्थानकावर नेऊन सोडायचे. 1910 च्या सुमाराचे ते ओंडक्यांचे स्थानक हॉटेलांपासून हाकेच्या अंतरावर आहे. इंजिन, डबे आणि कर्मचारी पाहून दाजींचे समाधान होईपर्यंत आम्ही झोपलेले असू.

राहण्याची सोय हा भाग कंटाळवाणा, पण त्यावरच सगळे अवलंबून आहे. उद्यानाच्या आतल्या बहुतेक लॉजचे आरक्षण तेरा महिने आधी उघडते आणि कड्यालगतच्या खोल्या पटकन संपतात. आमच्या इथल्या एका प्रवासी संस्थेने ‘कड्यावरचे हॉटेल’ म्हणून जो दर सांगितला होता, तो चौकशीअंती दीड तासावरच्या फ्लॅगस्टाफ शहरातल्या हॉटेलचा निघाला. तेव्हापासून आरक्षण लेकीच्या हाती सोपवले आहे. आत खोली नाहीच मिळाली तर प्रवेशद्वाराबाहेरचे तुसायन गाव हा दुसरा पर्याय आहे. 1 मार्च ते 30 नोव्हेंबर या काळात कड्याकाठाने पश्चिमेकडे जाणाऱ्या हर्मिट रस्त्यावर खाजगी मोटारींना बंदी असते आणि उद्यानाच्या मोफत बसने जावे लागते. संध्याकाळी त्या रस्त्यावरच्या होपी पॉइंट या देखाव्याच्या जागेसाठी आम्ही तीच धरणार आहोत. दुसऱ्या सकाळी पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यू रस्त्याने जाऊन 1932 साली बांधलेला दगडी मनोरा पाहायचा, कारण तिथून नदी चांगली दिसते.

खर्चाची बाजू 2026 पासून बदलली आहे. मोटारीमागे 35 डॉलरचे प्रवेशशुल्क सात दिवस चालते, पण अमेरिकेत न राहणाऱ्या 16 वर्षांवरील पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसह अकरा मोठ्या उद्यानांत माणशी 100 डॉलर अधिक भरावे लागतात. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास 250 डॉलरचा आहे. चौघे जाणार असतील तर हा हिशेब घरी बसूनच करावा. फाटकावर रोख रक्कम घेत नाहीत, कार्ड लागते.

सौ.च्या यादीत दशम्या, शेव आणि रावेरचे केळ्याचे वेफर्स आहेत. ताजी फळे नेता येत नाहीत आणि जे काही खाद्य नेऊ ते तिथल्या विमानतळावर जाहीर करावे लागते, एवढे तिला सांगितले आहे. तिथल्या खारींना यातले काहीही घालायचे नाही. त्या माणसांना सरावलेल्या आहेत आणि चावतात.

मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतली व्हिसाची मुलाखत, प्रवासविमा आणि तिकिटे ही कामे राहिली आहेत. ती ओळीने होतील. अडले आहे ते आप्पांच्या बागेपाशी. मेमध्ये केळीला पाण्याचा एक दिवसही खंड चालत नाही, वाऱ्यावादळाची धास्ती असतेच, आणि पुतण्या नवखा आहे. ॲरिझोनाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, म्हणजे कड्यावर सूर्य मावळताना रावेरला सकाळचे पावणेआठ वाजलेले असतील, ठिबक सुरू झाले की नाही हे विचारायची नेमकी वेळ. हे ऐकून आप्पांनी निम्मा होकार दिला आहे. उरलेला निम्मा पुतण्याने द्यायचा आहे.