तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडीत नेमकं काय भरायचं?

"कुंडीत काय भरता? माती की कोकोपीट?" माझी झाडं पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे विचारलेलं आहे. विचारणाऱ्याला प्रमाण हवं असतं: याचे इतके भाग, त्याचे इतके भाग. प्रमाण मी सांगतेच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारून घेते. कुंडी किती खोल आहे? आणि पाणी कोण घालतं, किती वेळा? ही दोन उत्तरं कळल्याशिवाय सांगितलेलं प्रमाण अर्धवटच राहतं.

बागेतली चांगली, काळीभोर माती कुंडीत भरली की झाड जोमाने वाढेल, असं वाटणं साहजिक आहे. जमिनीत त्याच मातीत ते वाढतही असतं. पण जमिनीतल्या मातीखाली आणखी माती असते आणि तिच्याखाली आणखी. वरून पडलेलं पाणी खालची माती ओढून घेत राहते. वाटेत गांडुळांची बिळं असतात, जुन्या मुळांच्या पोकळ्या असतात, त्यांतून हवा आत शिरते. दोन-तीन दिवसांत वाफसा येतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची राहतात. कुंडीत मात्र माती तळाशी संपते. खालून पाण्याला ओढणारं काहीच नसतं, म्हणून भोकं मोकळी असली तरी तळाचा थर चिंब राहतो. कण पाण्याला धरून ठेवतात आणि नुसत्या गुरुत्वाकर्षणाने ते सुटत नाही.

घरचा स्पंज घेऊन हे दोन मिनिटांत पाहता येतं. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की न पिळता त्याच्या लांब बाजूवर उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच आहे, छिद्रंही तीच आहेत, फक्त उंची वाढली. तळाशी अडून राहणाऱ्या पाण्याच्या थराची जाडी कणांच्या आकारावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. समजा, एखाद्या बारीक मिश्रणात हा थर ५ सेंटिमीटरचा आहे. १० सेंटिमीटर खोल कुंडीत अर्धी जागा पाण्याने भरलेली राहील. ३० सेंटिमीटर खोल कुंडीत तेच मिश्रण घातलं, तर फक्त सहावा हिस्सा. म्हणून मी आधी खोली विचारते. उथळ ट्रेमध्ये जे मिश्रण मुळं कुजवतं, तेच उंच पिंपात छान चालू शकतं.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती श्वास घेतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणी शोषत नाही, म्हणून पानं माना टाकतात. ती सुकलेली पाहून माणूस आणखी पाणी घालतो. पुढे मूळकूज करणाऱ्या बुरशींना आयतीच जागा मिळते. ओल्या कुंडीत कोमेजलेलं झाड दिसलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण पाणी घालणाऱ्याने ते प्रेमानेच घातलेलं असतं.

इथे एका जुन्या सवयीबद्दल बोलायलाच हवं. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा खापऱ्यांचा थर द्यायचा, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. मी तो देत नाही. बारीक मातीतलं पाणी वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. म्हणजे खडी घातल्याने चिंब थर नाहीसा होत नाही, उलट तो वर, मुळांच्या जवळ सरकतो आणि मातीची खोलीही कमी होते. भोकातून माती वाहू नये म्हणून वर जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी ठेवावी, तेवढं पुरतं. निचरा साधायचा तो संपूर्ण मिश्रणातून.

तो साधतो भरड कणांमुळे. पण भरड म्हणजे खरोखर भरड, ३ ते ६ मिलिमीटरचे. चिकण मातीत मूठ-दोन मुठी बारीक वाळू मिसळून काही साधत नाही. एक लिटर भरड माल आणि एक लिटर बारीक माती एकत्र केली, तर दोन लिटर मिश्रण होत नाही, त्याहून कमीच होतं. बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटींत जाऊन बसतात, आणि आपल्याला हव्या होत्या त्या नेमक्या याच फटी. म्हणून भरड माल मिश्रणाच्या बराच मोठ्या हिश्शात असेल तरच उपयोग होतो. पर्लाइट (तापवून फुलवलेले पांढरे, हलके खडे) असो, प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) असो की विटांचा चुरा, वापरण्याआधी चाळून त्यातली भुकटी काढून टाकते. पर्लाइट चाळताना आधी त्यावर पाणी शिंपडावं आणि नाकातोंडावर मास्क लावावा, त्याची धूळ फुप्फुसांना त्रासदायक असते.

कोकोपीटबद्दल सगळ्यांत जास्त विचारलं जातं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा हा भुसा. हलका असतो, लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारं द्रव्य) भरपूर असल्यामुळे सावकाश कुजतो, आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. पण त्यात दोन खोड्या आहेत. पहिली क्षारांची. सोडणात मुळातच सोडियम आणि पोटॅशियम असतं. सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवून काथ्या सोडवला असेल तर सोडियम आणखी वाढतं. साध्या पाण्याने धुतल्यावर सुटे क्षार निघून जातात, पण कणांना चिकटलेले राहतात. नंतर आपण कॅल्शियम दिलं की कोकोपीट ते स्वतःकडे धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडून देतं. कॅल्शियम घातलेलं असूनही ते झाडापर्यंत पोचत नाही. टोमॅटोचं फळ बुडाशी काळं पडतं, त्याच्या कारणांत हेही एक असू शकतं. यावर उपाय म्हणजे कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवायचं आणि मग स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यायचं. तयार कोकोपीट घेताना ते नुसतं धुतलेलं आहे की ही प्रक्रियाही केलेली आहे, हे पाकिटावर वाचावं.

दुसरी खोडी दिसायला साधी, पण झाडं जातात ती बहुतेक हिच्यामुळे. कोकोपीट वरून लवकर सुकतं, रंग फिका पडतो आणि आत मात्र ओलं असतं. वर पाहून पाणी घालणारा दर वेळी फसतो. बोट दोन पेरं खोल घालून पाहा, नाहीतर कुंडी उचलून पाहा. पाणी घातल्यानंतरचं वजन एकदा हाताला कळलं की अंदाज सहसा चुकत नाही.

दलदलीत शेवाळ साठून बनलेलं पीट मी वापरत नाही. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो, आणि आपण ते फावड्याने उपसतो. जगाच्या जमिनीच्या जेमतेम तीन टक्के भागावर पसरलेल्या पीटच्या दलदली जगातल्या सगळ्या जंगलांहून जास्त कार्बन धरून आहेत. घरच्या चार कुंड्यांसाठी त्या कोरड्या पाडाव्यात, हे मला पटत नाही.

गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत जरूर घालावं, पण एकूण मिश्रणाच्या पाचव्या, फार तर चौथ्या हिश्शापर्यंतच. खत जितकं जास्त तितकं चांगलं, असं कुंडीत होत नाही. त्याचे कण बारीक असतात, पाण्याने ते घट्ट बसतात आणि हवा कोंडते. कच्चा लाकडी भुसा तर टाळाच. तो कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मिश्रणातला नत्र घेतात आणि झाड पिवळं पडतं.

ठरलेल्या प्रमाणाचा आग्रह नवा नाही. १९३०च्या दशकात इंग्लंडच्या जॉन इनेस या बागायती संशोधन संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंड्यांसाठी मिश्रण बसवलं: ७ भाग निर्जंतुक केलेली माती, ३ भाग पीट, २ भाग भरड वाळू. प्रयोगासाठी लागणारी रोपं दर वेळी सारखी वाढावीत, हा त्यामागचा हेतू. पण दर खेपेला तशीच चांगली माती मिळवणं अवघड होतं. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात माती पूर्ण वगळून पीटमध्ये पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (तापवून फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज) घातलेली मिश्रणं तयार झाली. आज पिशवीतून मिळणारं बहुतेक पॉटिंग मिक्स याच वाटेने आलेलं आहे.

आता माझं प्रमाण. मध्यम खोलीच्या कुंडीत भाज्या आणि फुलझाडांसाठी ४ भाग कोकोपीट, ३ भाग भरड माल, २ भाग गांडूळखत आणि १ भाग बागेतली भुसभुशीत माती. घरात कुणाला रोज पाणी घातल्याशिवाय चैन पडत नसेल, तर कोकोपीटचा एक भाग कमी करून भरड वाढवा. पाणी घालायचं विसरत असाल तर उलट करा. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी उडतं, तिथे थोडं जास्त ओल धरणारं मिश्रण चालतं. प्लास्टिकच्या कुंडीत चालत नाही. मांसल पानांच्या झाडांना निम्म्याहून जास्त भरड हवं. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या ऑर्किडना तर मातीच नको, सालीचे आणि सोडणाचे मोठे तुकडे हवेत. आणि कोकोपीट-पर्लाइटमध्ये झाडाला पुरेल असं पोषण नसतं, तेव्हा खत थोडं थोडं, पण नियमित द्यावं लागतं.

मिश्रण जमलं का, हे मोजताही येतं. ज्या कुंडीत झाड लावायचं तीच घ्या, कारण खोली बदलली की उत्तर बदलतं. कुंडीत काठापर्यंत किती लिटर मावतं ते मोजा. भोकं टेपने बंद करा, मिश्रण भरा, हळूहळू पाणी घालत पृष्ठभागावर ते चमकेपर्यंत थांबत राहा. मग कुंडी टबावर धरून टेप काढा आणि तासाभरात गळलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी गळलं तेवढी जागा हवेने घेतली. ५ लिटरच्या कुंडीतून ७५० मिलिलिटर गळलं, तर हवा १५ टक्के. बहुतेक झाडांना १० ते २० टक्के मानवतं. दहाच्या खाली आलं तर भरड वाढवून पुन्हा मोजा.

ही मोजणी एकदा करून संपत नाही. सेंद्रिय कण कुजत जातात, बारीक होतात, मिश्रण खाली बसतं. दीड-दोन वर्षांत कुंडीतली पातळी उतरलेली दिसते, पाणी वर साचून सावकाश मुरतं. अशा वेळी वर नवी माती ओतून आतली कोंडी सुटत नाही. झाड बाहेर काढून मिश्रण मोकळं करावं, जुनी मुळं वेचावीत, चाळून भुकटी वेगळी करावी आणि ताजं भरड व कोकोपीट घालून पुन्हा भरावं. झाड मूळकुजीने गेलं असेल, तर ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत मात्र घालू नका.