हो, दोनशे फूटच राहिले होते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याच्या घरात अमेरिकेतल्या, कोलोरॅडोच्या डोंगरातल्या कॅझम लेक तळ्याचा तो मोठा फोटो लागल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "आणि शिखरावरचा कुठाय?" धाकटा शांतपणे म्हणतो, "ते दादाला विचारा." मग मला विचारलं जातं. व्हिडिओ कॉलवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्मशानातून परत येताना रिक्षात. शिखर दोनशे फुटांवर असताना परत फिरलास? घाबरलास का रे?

आधी एक गैरसमज काढतो. आम्ही लाँग्स पीक चढत नव्हतो. फोटोत तळ्यामागे जी उभी भिंत दिसते ती लाँग्सची, 14,259 फूट. तिला डायमंड म्हणतात आणि तिच्यावर दोर लावून चढणारी जमात निराळी. आम्ही चढत होतो शेजारचं माउंट लेडी वॉशिंग्टन, 13,281 फूट. दोर नको, काही नको, नुसते दगड. फ्रीजएवढे, टेबलाएवढे, हलणारे दगड. "म्हणजे सोपंच की," असं म्हणणाऱ्यांना सांगतो, कळसूबाई 5,400 फूट आहे. बोल्डरमधलं आमचं घरच तेवढ्या उंचीवर आहे, आणि इथे गाडी लावतात तीच जागा 9,400 फुटांवर.

धाकटा पुण्याहून येऊन सहा दिवस झाले होते. उंचीची सवय व्हायला सहा दिवस पुरतात असं मीच ठरवलं.

उशीर झाला तो माझ्यामुळे. पहाटे चारला निघायचं होतं. तो गाढ झोपला होता, मला उठववेना. सव्वापाचला चालायला लागलो. गॉब्लिन्स फॉरेस्टची झाडी संपेपर्यंत उजाडलं. तळं पावणेसात किलोमीटरवर, सव्वाआठला पोचलो. तिथे मी तासभर घालवला. आईने त्याच्याबरोबर पाठवलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढली, एक गलेलठ्ठ मार्मोट, म्हणजे इथली मोठी डोंगरी खार, पिशवीभोवती घिरट्या घालायला लागला, आणि धाकटा इतका हसला की मला निघू या म्हणवेना. पाणी आरशासारखं. तो फोटो तेव्हाचा. दोघंही बरे होतो.

तळ्याकडे वाट फुटते त्या फाट्यापर्यंत परत येऊन लेडी वॉशिंग्टनची दगडांची उतरण चढायला लागलो. दहा पावलं, थांब, दहा पावलं, थांब. पावणेबाराला घड्याळात उंची 13,080 फूट दिसत होती. मग शेजारच्या मीकर डोंगराच्या माथ्यामागून ढग वर आला.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे मला पकडतात. उन्हाळ्यात या डोंगरांत दुपारी गडगडतं, म्हणून बाराच्या आत माथा सोडायचा, हा इथला साधा नियम. 2014 च्या जुलैत याच रॉकी माउंटन पार्कात, ट्रेल रिज रोडच्या परिसरात, लागोपाठ दोन दिवशी दोन माणसं वीज पडून गेली. हवा येते पश्चिमेकडून, आणि आम्ही होतो पूर्वेच्या उतारावर. लाँग्सची भिंत आणि आमचाच डोंगर मध्ये. मागे काय शिजतंय ते दिसत नाही. जे दिसतं ते डोक्यावर आल्यावरच. ढगाचा तळ करडा होता. काळा नव्हता. मी आजही "काळा" म्हणणार नाही.

मी म्हटलं, "फिरू या."

"दादा, दहा मिनिटं."

"नाही."

"अरे समोर दिसतंय!"

मी पुन्हा नाही म्हटलं. तो दोन दगड वर चढला. मी ओरडलो. इथे आवाज किती लांब जातो याचा मला अंदाज नव्हता, खालून येणारे दोघे थांबून बघायला लागले. ते अमेरिकन होते, मराठी कळणार नव्हतं, म्हणून असेल, मी आणखी मोठ्याने बोललो: "तू इथे पाहुणा आहेस. मी सांगतो तसं करायचं."

तो थांबला. खाली आला. माझ्याकडे न बघता शेजारून पुढे गेला.

पाहुणा. बाबांचं बायपास, आईचा खुबा, सोसायटीचं पाणी, एकोणीस वर्षं ज्याने एकट्याने बघितलं, त्याला मी म्हटलं. मला एवढंच म्हणायचं होतं की इथला डोंगर मला माहीत आहे. त्याला जे ऐकू गेलं ते मलाही बोलतानाच ऐकू आलं होतं.

आणि वीज पडली नाही. फाट्यावर पोचेपर्यंत लख्ख ऊन. तीन वाजता गाडीशी आलो तेव्हाही आकाश निळंच. ते दोघे अमेरिकन वर जाऊन आले असणार.

बावीस वर्षांचा मी असतो तर मला फाडून खाल्लं असतं. भर पावसात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारा तो पोरगा, अर्ध्यातून परतणाऱ्यांना "पिकनिकवाले" म्हणायचा. त्याला मी म्हणतो, तुझ्याबरोबर कोणाचा धाकटा भाऊ नव्हता. तो म्हणतो, थापा मारू नकोस, तुझे पाय लटपटत होते. लटपटत होतेच. ढग दिसला तेव्हा मला थोडं बरंही वाटलं होतं. मी ढगामुळे फिरलो की ढग सापडला म्हणून, हे मला खरंच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी साफ करताना त्याच्या सीटखाली डोकेदुखीच्या गोळीची दोन रिकामी पाकिटं मिळाली. बायको म्हणाली, बघ, बरं झालं फिरलास. पण मी विचारलं तेव्हा तो "काही नाही" म्हणाला होता. मला माहीत नसलेल्या गोष्टीचं श्रेय मी कसं घेऊ?

आता उरलेलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात मी एकटा गेलो. बायकोलाही ऑफिसची सहल म्हणून सांगितलं. 13,080 वर उभा राहिलो. तो दगड ओळखायचा प्रयत्न केला, सगळे सारखेच. घड्याळ लावलं आणि वर गेलो. अठरा मिनिटं लागली. दहा नाही, अठरा. कितीतरी वेळ तो आकडा खिशातल्या पुराव्यासारखा जपला. मग लक्षात आलं की अठरा मिनिटांनीही त्या दिवशी काही झालं नसतं.

वरून फोटो काढला. डायमंड अगदी समोर येतो, खाली तळ्याचा तुकडा. फोनमध्ये आहे, कोणाला दाखवलेला नाही. परवा गणपतीत कोणीतरी पुन्हा विचारलं, कॉल चालू होता, आणि धाकटा नेहमीसारखं म्हणाला, "दादाला विचारा."

तो हे वाचेल. फोटो हवा असेल तर पाठवतो म्हणावं.