आरजीयू शिकताना आधी पोझिशन शिका

बीपीएमटीची, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीची, नवीन बॅच एक्स-रे विभागात पोस्टिंगला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर आयव्हीपी (शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारं औषध, देऊन काढलेले किडनीचे एक्स-रे) कधी बघायला मिळणार? वायव्हाला तेच विचारतात म्हणून कॉम्प्रेशन बँड कुठे बांधायचा, पाच मिनिटांच्या फिल्मवर काय दिसतं हे सगळं पोरांना तोंडपाठ असतं. पण १९२९ साली युरोसेलेक्टान हे कॉन्ट्रास्ट वापरून मोझेस स्विकने जी आयव्हीपी दाखवली तिचं काम आता बहुतेक ठिकाणी सीटी करते, आणि मुतखडा शोधायचा असेल तर कॉन्ट्रास्टही लागत नाही, प्लेन सीटी केयूबी, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा साधा सीटी, पुरतो. आरजीयू (युरेथ्रा, म्हणजे लघवीची नळी, खालून कॉन्ट्रास्टने भरून काढलेली फिल्म) आणि एमसीयू (ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय, भरून लघवी करताना काढलेली फिल्म) मात्र अजून आपल्याच टेबलावर होतात, आणि त्यात फिल्म चांगली की वाईट हे मशीन ठरवत नाही, पेशंटला तुम्ही कसं झोपवलं आणि एक्सपोजर कधी मारला यावर ठरतं. म्हणून मी पोरांना आधी हेच शिकवतो.

आरजीयूला येणारे बरेचसे पेशंट म्हणजे लघवीची धार बारीक झालेले पुरुष. कुणाला पूर्वी कॅथेटर टाकलेला असतो, कुणी सायकलच्या दांड्यावर आपटलेला असतो, कुणाला लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असतो, कुणाचा ॲक्सिडेंटमध्ये पेल्विस फ्रॅक्चर झालेला असतो. पेशंटला उताणा झोपवून फिल्म काढली तर बल्बर युरेथ्रा, म्हणजे नळीचा मुळाकडचा वाकडा भाग, स्वतःवरच दुमडल्यासारखी दिसते आणि चार सेंटिमीटरचं स्ट्रिक्चर (नळी आकसून अरुंद झालेला भाग) दोन सेंटिमीटरचं वाटू शकतं. म्हणून पेशंट ३० ते ४५ अंश तिरका, टेबलाकडचा पाय गुडघ्यात आणि मांडीत दुमडलेला, वरचा पाय सरळ, आणि पेनिस हलक्या हाताने ताणून दुमडलेल्या मांडीच्या बाजूला. पाठीमागे वेज (तिरक्या उशीसारखा आधार) द्या, नाहीतर पेशंट घाबरून हळूहळू परत उताणा होतो आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

ही लांबी इतकी महत्त्वाची का, तर पुढे सर्जन तिच्यावरच प्लॅन करतो. मोठ्या स्ट्रिक्चरला गालाच्या आतली त्वचा, म्हणजे बक्कल म्युकोसा काढून युरेथ्राला ग्राफ्ट लावतात, आणि या ऑपरेशनमध्ये पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींचं तंत्र जगभरात त्यांच्या नावाने ओळखलं जातं. गुटखा खाणाऱ्या पेशंटचं तोंडच नीट उघडत नाही, गालाची त्वचा खराब झालेली असते, मग तिथे ग्राफ्ट किती मिळणार याचाही विचार आधीच करावा लागतो. सर्जन टेबलावर स्वतः बघतोच हो, पण पेशंटला काय सांगायचं, किती वेळ धरायचा, ही सगळी तयारी तुमच्या फिल्मवरून सुरू होते.

आता कॉन्ट्रास्ट. आयोहेक्सॉल किंवा युरोग्राफिन ही आयोडीन असलेली औषधं, यातलं एक सलाइनमध्ये निम्मं पातळ करून २० एमएलच्या सिरिंजमध्ये घ्या आणि कॅथेटर आधी त्याने भरून घ्या, म्हणजे हवा राहणार नाही, कारण हवेचा बुडबुडा फिल्मवर फिलिंग डिफेक्ट, म्हणजे कॉन्ट्रास्ट न भरलेली मोकळी जागा, दाखवतो आणि रिपोर्ट करणारे डॉक्टर विनाकारण विचारात पडतात. फॉलीची (टोकाला फुगा असलेल्या कॅथेटरची) टीप फोसा नॅव्हिक्युलॅरिसमध्येच, म्हणजे लघवीच्या तोंडाच्या लगेच आतल्या रुंद भागात, ठेवायची आणि फुग्यात एक-दोन एमएलच पाणी, जास्त नाही, फुगा पुढे सरकला की पेशंट ओरडतो. केव्हीपी, म्हणजे एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज, ७० च्या आसपास ठेवा, आयोडीनची के-एज (जिथे ते एक्स-रे एकदम जास्त शोषतं ती ऊर्जा) ३३ केईव्हीला आहे, केव्हीपी फार चढवला की कॉन्ट्रास्ट फिका पडतो. आणि एक्सपोजर इंजेक्शन चालू असतानाच! देणं थांबवून मग फिल्म मारली की युरेथ्रा मिटून जाते आणि जिथे काहीच नाही तिथे स्ट्रिक्चर दिसतं.

पेशंट आवळून धरतो तेव्हा एक्स्टर्नल स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखणारा स्नायू, बंद होतो आणि कॉन्ट्रास्ट बल्बच्या टोकाला अडतो, मग आपण जोर लावतो. असा जोर लावायचा नाही. प्रेशरने कॉन्ट्रास्ट स्पाँजिओसममध्ये (युरेथ्राभोवतीच्या रक्ताळ भागात) आणि तिथून शिरांमध्ये जातो, लघवीत इन्फेक्शन असेल तर तेही रक्तात जातं, म्हणून युरीनचा रिपोर्ट आधी बघा आणि आयोडीनच्या ॲलर्जीचंही विचारा. थांबा, काकांना म्हणा, काका हळू श्वास सोडा, लघवी करताना सोडता तसं सोडा. दोन मिनिटं बोललं तर निम्मी कामं सोपी होतात. पडदा लावा, दार बंद करा, बघायला चार पोरं उभी असतील तर दोघांना बाहेर पाठवा, माणूस लाजेने आणखी आवळतो.

ॲक्सिडेंटच्या पेशंटच्या लघवीच्या तोंडाशी रक्त दिसत असेल तर आंधळेपणाने कॅथेटर टाकायचा नसतो, आधी आरजीयू. कॅज्युअल्टीमधून घाईत फोन आला तर हे आपणही लक्षात ठेवायला हवं. युरेथ्रा पूर्ण तुटलेली असेल तर नंतर एसपीसीमधून, म्हणजे ओटीपोटातून थेट ब्लॅडरमध्ये टाकलेल्या नळीतून, ब्लॅडर भरून वरून एमसीयू आणि खालून आरजीयू एकाच वेळी करतात, दोन्हींच्या मधलं अंतर दिसतं. त्यासाठी पेशंटने लघवीचा प्रयत्न केला पाहिजे, नाहीतर ब्लॅडर नेक (ब्लॅडरचं तोंड) उघडतच नाही आणि अंतर उगाच मोठं दिसतं.

लहान मुलांची एमसीयू हा वेगळाच विषय. ब्लॅडर किती भरायचा याचा अंदाज म्हणजे वयात दोन मिळवून ३० ने गुणायचं, तेवढे एमएल. कॉन्ट्रास्टची बाटली टेबलापासून मीटरभराहून वर टांगायची नाही आणि सिरिंजने ढकलायचं तर अजिबात नाही. रिफ्लक्स, म्हणजे लघवी ब्लॅडरमधून उलट किडनीकडे जाणं, कधीकधी लघवी करतानाच दिसतो, म्हणून ब्लॅडर भरला की काम संपलं असं समजू नका, आणि शेवटी किडनीचीही फिल्म घ्या. मुलगा असेल तर लघवी चालू असताना तिरकी फिल्म हवीच, पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व, म्हणजे युरेथ्रात लघवी अडवणारे जन्मजात पडदे, तिथेच सापडतात. बाळ लघवी करत नसेल तर नळ सोडा, पायावर कोमट पाणी टाका. आईला लेड ॲप्रन देऊन जवळ उभं करा, पण ती गरोदर आहे का हे आधी विचारा.

झाल्यावर पेशंटला नुसतं जा म्हणू नका. आजचा दिवस जळजळ होईल, थोडं रक्त दिसेल, पाणी भरपूर प्या, पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्रीसुद्धा कॅज्युअल्टीला या, हे पेशंटला आणि सोबतच्या नातेवाईकाला दोघांनाही सांगा.