तुम्ही विचारलंत म्हणून: झाडपाल्यात एचआयव्हीचं औषध आहे का?

लग्नात, एसटीत, व्याख्यान संपल्यावर, प्रश्न तोच: "इतकी वर्षं वनस्पती तपासताय, मग एचआयव्हीवर काही सापडलं, की कंपन्यांनी दाबलं?"

कुणी दाबलेलं नाही. १९८७ साली मलेशियातल्या सारावाकच्या जंगलातून गोळा केलेल्या एका झाडात कॅलॅनोलाइड ए हे एचआयव्ही रोखणारं द्रव्य मिळालं. ते झाड आपल्या कोकणातल्या उंडीच्या जातकुळीतलं. उंडीतही विषाणूचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे त्याला वाढायला लागणारं विकर, रोखणारी द्रव्यं आहेत. कॅलॅनोलाइड माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, पण त्याचं औषध झालं नाही. कालमेघातल्या अँड्रोग्राफोलाइडची चाचणी दुष्परिणामांमुळे मुदतीआधी थांबवावी लागली. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींत विषाणू रोखणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत. तिथून रुग्णापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि त्यात आमची आळशी वृत्ती शोधू नका.

जव्हारकडच्या एका वैदूबाबांनी मला ऐनाची साल दिली होती. झिजत चाललेल्या, जुलाब न थांबणाऱ्या माणसांना ते तिचा काढा देत. त्यांतले काही एचआयव्हीचे होते. आमच्या प्रयोगशाळेत तिचा अर्क पहिल्याच फेरीत चमकला: पेशी जिवंत, विषाणू किती वाढला ते दाखवणारं त्याचं पी२४ प्रथिन घसरलेलं. मग टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, काढून टाकलं आणि परिणाम गेला. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. विषाणूला वेगळं ओळखत नाही. अशा निकालाला आम्ही खोटा म्हणतो आणि वही मिटतो.

बाबांना ते सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ताई, मंग माझी माणसं उठून बसली ती कशानं?"

मला उत्तर माहीत होतं, म्हणूनच ते जड गेलं. टॅनिननंच. तुरट साल आतड्याला आवळते, जुलाब थांबतात, अन्न अंगी लागतं. मी जे गाळून फेकलं त्यानंच त्यांना बरं वाटलं होतं. विषाणू मात्र रक्तात तसाच होता, आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारे औषधोपचार, फुकट मिळू लागलं तरी बरं वाटलेला माणूस जव्हारहून गोळ्यांसाठी खेपा का घालेल?

तेव्हा मी म्हणायचे, विषाणू थांबत नसेल तर ते औषध नव्हे. आज तितक्या जोरानं म्हणवत नाही. पण काढ्यावर विसंबून गोळ्या सोडणाऱ्याला "चालेल" म्हणणं मला कधीच जमणार नाही. माझ्यातल्या या दोघींचं अजून पटलेलं नाही.

निघताना बाबांनी विचारलं, साल देऊ की थांबू? जुलाबाला द्या, पण गोळ्यांच्या वेळेला नको, इतकंच मी सांगू शकले. लसणाच्या कॅप्सूलनी सॅक्विनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर आणली होती, हे नोंदलेलं आहे. ऐनाचं टॅनिन आजच्या गोळ्यांना बांधून ठेवतं का, हे तपासायचा प्रस्ताव मी दिलाय. विषाणू मारणाऱ्या वनस्पतीला पैसे मिळतात. या प्रश्नाला अजून मिळालेले नाहीत.