58 वरून 36

फॅट-टेल गेको ही पश्चिम आफ्रिकेतली पाल. तिची सगळी पुंजी शेपटीत, चरबीच्या रूपात. कोथरूडचा एक कॉलेजातला मुलगा आपली पाल माझ्या दवाखान्यात घेऊन आला तेव्हा तिची शेपटी वाळक्या गवारीच्या शेंगेसारखी झाली होती. वजन 36 ग्रॅम. दोन महिन्यांपूर्वी 58. त्याने वहीत दर रविवारचं वजन लिहून ठेवलं होतं. आमच्या कुत्रेवाल्यांना लसीचं वर्षही आठवत नाही.

विष्ठा मात्र टिश्यूत गुंडाळून आणलेली. टिश्यू ओल पितो आणि हलणारे जीव बघायच्या आधीच मरतात. झाकणाची डबी आणा, हे सांगून माझा घसा बसलाय. तरी मिठाच्या दाट पाण्यात अंडी तरंगवली. एका बाजूने चपटी, म्हणजे पिनवर्म, आतड्यातले बारीक जंत. फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं, दोन आठवड्यांनी बोलावलं.

थोडे पिनवर्म कितीतरी पाळलेल्या पालींत असतात. त्यांनी 22 ग्रॅम झडत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण स्लाइडवर काहीतरी सापडलं की डोळा तिथेच थांबतो.

पुढच्या खेपेला 31 ग्रॅम. मग खालच्या मजल्यावरच्या पॅथॉलॉजीत गेलो. थुंकीतले टीबीचे जंतू ज्या लाल रंगाने दिसतात, तोच हवा होता. "पालीची शी? माझ्या टेबलावर?" असं म्हणत ताईंनीच स्लाइड रंगवून दिली. तेलाच्या लेन्सखाली निळ्यावर गुलाबी ठिपके दिसले, जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचे, तांबड्या पेशीहून लहान. क्रिप्टोस्पोरिडियम, आतड्यातला एकपेशीय परजीवी. यावर खात्रीचं औषध नाही, आणि घरातलं ब्लीच त्याला काही करत नाही.

"घरात दुसरी पाल आहे?"

"जानेवारीत आणली, सर. त्याच टाकीत."

"वेगळी नाही ठेवलीस?"

"दुकानदार म्हणाले, गरज नाही."

नव्या पालीला तीन महिने वेगळी टाकी, वेगळी वाटी, वेगळा चिमटा. दुकानदाराला हे सांगायला एक मिनिट लागलं असतं, पण मग त्या दिवशी दुसरी पाल खपली नसती.

जुनीला आम्ही कायमचं झोपवलं. नवी गुबगुबीत आहे, रातकिडे फस्त करते. हा परजीवी विष्ठेतून कधी बाहेर पडतो, कधी नाही, त्यामुळे दोन नमुने स्वच्छ आले तरी मी "निरोगी" लिहिलेलं नाही. तो विचारतो, "म्हणजे हिच्यामुळेच का, सर?" पहिली स्लाइड मी धुऊन टाकली होती.

तिसरा नमुना गुरुवारी येतोय. डबीत.