ठशांचा गणपती

गणपतीच्या आदल्या शुक्रवारी बडोद्यातल्या आमच्या पाळणाघरात १९ महिन्यांच्या एका मुलाचा हात धरून लाल रंगात दाबला गेला. उलटा ठसा म्हणजे गणपतीचं डोकं, मधली बोटं म्हणजे सोंड, वरून पेनाने डोळे नि मुकुट. मुलगा ताठ झाला, बोटं फाकली, आणि असा रडला की शेजारच्या खोलीतली झोपलेली बाळंही उठली. मदतनीस बेन मनाने वाईट नाहीत. बारा वाजेपर्यंत ११ कार्डं पुरी करायची होती, हा नववा होता. दुपारी त्याने वरण-भाताला हात लावला नाही, दोन्ही हात खांद्याशी धरून बसला. घरीही तेच. हे तीन आठवडे चाललं.

बेनना बोलणं सोपं होतं. पण आठवड्याच्या तक्त्यात ‘शुक्रवार: ठशांचा गणपती, ११ कार्डं’ हे माझ्याच अक्षरात आहे. कार्डं मागितली, तर हात धरले जाणारच.

दोन वर्षांखालच्या मुलांचा रंगांचा खेळ पाच ते सात मिनिटं टिकतो. त्यासाठी ४० मिनिटं तयारी आणि पुढे २० मिनिटं पुसापुशी. एका वेळी तीनच मुलं, त्यांच्यापाशी एक मोठं माणूस. कागद खाली पसरून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावायची. नाहीतर कागद हातासोबत उचलला जातो, मूल चिडतं आणि खेळ तिथेच संपतो.

या वयात हात आधी तोंडात जातो, म्हणून रंग खाता येईल असाच हवा. बाटलीवरच्या ‘नॉन-टॉक्सिक’चा अर्थ खायला चालतं असा नाही, हे पालकांनाच काय, नव्या ताईंनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आम्ही चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी गार पाण्यात कालवतो आणि दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळतो. ओतताना हात थांबला की गाठी झाल्याच. गार झाल्यावर बिटाचा रस लालसाठी, पालकाचा हिरव्यासाठी. हळद चिमूटभरच, कारण कपड्यांवरचा डाग जात नाही आणि संध्याकाळी दारात त्याच्यावरून बोलणी खावी लागतात. पालकाचा रंग भाद्रपदातल्या बडोद्याच्या दमट हवेत दुपारपर्यंत वास मारू लागतो. सकाळी केलेला सकाळीच संपवायचा.

मळायला शाडू नाही. तो तोंडात जायच्या लायकीचा नाही. मीठ घातलेली कणीकही नाही. ती टिकते खरी, पण तिच्यात मीठ इतकं असतं की लहानग्याने मूठभर गिळली तर मीठच बाधतं. कच्च्या पिठात जंतू असू शकतात. म्हणून मोदकाची उकड: एक वाटी पाणी, चमचाभर तेल, उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी, झाकून वाफ, मग गरम असतानाच मळायची. मीठ घालायचं नाही. ओल्या फडक्याखाली ठेवली नाही तर अर्ध्या तासात भेगा पडतात. मुलांपुढे ठेवण्याआधी गोळा फोडून आतली वाफ मनगटावर पाहायची. वरून गार लागला तरी मध्ये तो बराच वेळ गरम असतो. आमच्याकडचं हे सगळ्यात चांगलं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. आणि त्यातून घरी न्यायला काहीच उरत नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांमध्ये आरत्यांपासून आरासीपर्यंत सगळं बारकाईने पाहिलं जातं, पोराचं कार्डही. व्हॉट्सॲपवर चार कार्डं शेजारी आली की पाचव्या आईचा फोन येतो. भावनगरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. पण ती शाळा अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांची. त्याखालच्या वयाला काय द्यायचं, हे न ठरवता पहिलीचंच रूप लहान करून आपण खाली ढकलत राहतो.

त्या मुलासाठी मग झिपच्या पिशव्या केल्या. दोन चमचे लाल, दोन चमचे पिवळा, हवा पूर्ण काढून झिप बंद, कडेला टेप, वर दुसरी पिशवी, कारण दात लागतात. चौरंगावर चारही बाजूंनी चिकटवली. पहिला आठवडा तो नुसता पाहत जायचा. मग एकदा कोपर टेकवलं. आतला रंग सरकलेला दिसला, तसं पुन्हा टेकवलं. त्यानंतर बोट.

उघडा रंग दिला तेव्हा जाड दांड्याचा ब्रश दिला आणि शेजारी ओलं फडकं ठेवलं. फडकं माझ्या हातात असलं की तो ब्रशलाही हात लावेना. तेच त्याच्या उजव्या बाजूला, त्याचा हात पोहोचेल असं ठेवलं, तर त्याने ब्रश घेतला. केसाएवढा रंग अंगठ्याला लागला की फडकं उचलायचा, पुसायचा, घडी केल्यासारखं करून खाली ठेवायचा आणि पुन्हा ब्रश. एका सकाळी मोजलं, सहा मिनिटांत १४ वेळा. त्यातली शेवटची दोन-तीन पुसणी नुसती हात फिरवण्यापुरती होती.

दिवाळीनंतर त्याने स्वतःहून तर्जनी बिटाच्या रंगात बुडवली आणि कागदाला लावली. एक ठिपका. मग फडकं.

आता तक्त्यातला ‘काय न्यायचं’ हा रकाना मी काढला आहे. त्या जागी ‘काय केलं’ आहे. ते मी कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिते. त्याच्या कागदामागे लिहिलं: ‘बोट स्वतः बुडवलं. हात कुणी धरला नाही. नंतर स्वतःच पुसलं.’

संध्याकाळी त्याच्या आईने कागद हातात घेतला, ठिपक्याकडे पाहिलं, आणि आणखी काही आहे का म्हणून तो उलटा केला.