पाचट, पाण्याचा फेर आणि टोळी : सगळ्यांना एका बांधावर आणताना

शेतकऱ्याला पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचं, महत्त्व कळत नाही म्हणून तो ते पेटवतो, हे वाक्य इतक्या भाषणांत ऐकलंय की आता चीड येते. आमच्या करवीर तालुक्यात कुठल्याही ऊसकऱ्याला विचारा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात अर्धा टक्का नत्र असतं, पालाश त्याहून जास्त, सेंद्रिय कर्ब ३० टक्क्यांच्या वर, हे तो तुम्हाला ऐकवेल. ते जागेवर कुजवायला हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू खत लागतं, हेही त्याला पाठ असतं. आणि एवढं सांगून तोड झाल्यावर वारा पडला की तोच काडी ओढतो. आमचे आबाही ओढायचे. जानेवारी-फेब्रुवारीत कोल्हापूरच्या उपनगरांत वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी कुसळं पडतात, ती या माहीतगार माणसांच्या रानातून आलेली असतात.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. शासन, उद्योग आणि गाव यांना एकत्र घेऊन गुंतागुंतीचे प्रश्न कसे हाताळायचे, याचा एक अभ्यासक्रम मी केला, थोडा ऑनलाइन, थोडा पुण्यात. प्रत्येकाने आपल्या भागातला एक खरा प्रश्न घ्यायचा आणि अभ्यासक्रम चालू असतानाच त्यावर काम करायचं, अशी अट होती. बरोबरच्या बहुतेकांनी नदी, कचरा, कुपोषण असे मोठे विषय घेतले. मी पाचट घेतलं. काहीजण हसले.

पहिल्या टप्प्यात वाचन बरंच होतं. त्यातलं एक लगेच कामी आलं. होर्स्ट रिटेल आणि मेल्व्हिन वेबर या दोन प्राध्यापकांनी १९७३ साली मांडलं होतं की काही सामाजिक प्रश्नांची ठरलेली व्याख्याच करता येत नाही, कारण तुम्ही प्रश्न कसा मांडता त्यातच तुमचं उत्तर दडलेलं असतं. गावात हे शब्दशः दिसलं. कृषी खात्याच्या लेखी प्रश्न जागृतीचा, म्हणून उत्तर मेळावा. यंत्रवाल्याच्या लेखी प्रश्न पाचट बारीक करणाऱ्या कुट्टी मशीनचा, म्हणून उत्तर अनुदान. कारखान्याच्या लेखी प्रश्न जळीत उसाचा, कारण त्यात वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही जातं, म्हणून उत्तर कपात. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "प्रश्न कसला त्यात? वाट मोकळी करायची असते."

कसली वाट, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मेळावे आधीही झालेले होते. कोल्हापुरात फेटा, श्रीफळ आणि सत्कार झाल्याशिवाय बैठक पुढे सरकत नाही. तेवढं होईपर्यंत तास जातो आणि उरलेल्या वेळात पाहुणे बोलतात. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचा नुसता देखावा असतो, मधल्या तिन्हींवर लोकांना सांगितलं-विचारलं जातं पण निर्णय दुसऱ्याकडेच राहतो, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर सत्ता खरोखर वाटली जाते. आमचे मेळावे फार तर तिसऱ्या पायरीवरचे, माहिती देण्याचे. त्यामुळे मंचावरची बैठक घ्यायचीच नाही, एवढं मी आधीच ठरवलं. त्याऐवजी एकेकट्याला भेटत गेले: कारखान्याचे शेती अधिकारी, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय, पाणीपुरवठा संस्थेचे सचिव, रानोरानी पाणी सोडणारे पाटकरी, कुट्टी मशीनवाला, कृषी सहायक, ऊस व गूळ संशोधन केंद्रातले एक शास्त्रज्ञ, आणि वेगवेगळ्या जमिनीचे शेतकरी. "तुमचं मत काय" हा प्रश्न मी जाणूनबुजून टाळला. मत विचारलं की माणूस भाषणाच्या पवित्र्यात जातो. मी विचारायचे, "उसाची शेवटची मोळी गाडीत पडली. त्या दिवसापासून तुमचं काम काय आणि कधी?"

या एका प्रश्नाने बैठकांपेक्षा जास्त हाती लागलं.

शेतकरी म्हणायचा, तोड झाली की बुडखे छाटायचे, खत टाकायचं आणि खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, पहिलं पाणी द्यायचं. पाटकरी म्हणायचा, माझ्या यादीप्रमाणे फेर, म्हणजे पाण्याची पाळी, येईल तेव्हा पाणी येईल, तुझी तोड कधी झाली ते मला ठाऊक नाही. मशीनवाला म्हणायचा, हंगामात रांग असते, निरोप आला की आठ-दहा दिवसांनी येतो. चिटबॉयला मात्र पुढच्या आठवड्यात ऊसतोडीची टोळी कुणाच्या रानात जाणार हे आधीच माहीत असतं, कारण तोडणीचा प्रोग्राम त्याच्याकडेच असतो. त्याला ते कुणी विचारत नाही.

हे सगळं एका लांब कागदावर मी तारखांप्रमाणे उतरवलं आणि पहिली एकत्र बैठक एका गुऱ्हाळावर घेतली. गुऱ्हाळ निवडायला कारण होतं. तिथे खुर्च्या नसतात, सगळे चिपाडाच्या ढिगावर नाहीतर पोत्यावर बसतात, आणि काहिलीतला रस उकळत असताना लांबलचक बोलायची कुणाची हिंमत होत नाही. कागद भिंतीला लावला. प्रत्येकाने आपापली ओळ तपासायची, चूक असेल तर स्वतः पेनाने दुरुस्त करायची. कारखान्याचे साहेबसुद्धा उठून दुरुस्ती करायला गेले, आणि पाटकरी तात्या त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतःची ओळ खोडत होते. दोघांची याआधी ओळखसुद्धा नव्हती.

कागदावर गाठ उघडीच होती. पाण्याचा फेर मशीनच्या आधी येतो. फेर चुकला तर पुढचा कधी, याचा भरवसा नाही. शेतीची वीज दिवसाला आठ तास, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. अशा वेळी सरीत पाचट पसरलेलं असेल तर पाणी पुढे जात नाही, आणि पाणीपुरवठा संस्थेचे तास मोजलेले. मग शेतकरी पाण्याची वाट मोकळी करायला ते पेटवतो. त्यात अज्ञान नाही की आळस नाही. वेळापत्रकाचा घोटाळा आहे, आणि ते वेळापत्रक एका कुणाच्या हातात नाही.

"दावतो या," म्हणून तात्या आम्हाला दुसऱ्या दिवशी रानात घेऊन गेले. पाचट भरलेल्या सरीत त्यांनी बारं धरलं, म्हणजे पाणी सोडलं. पाणी पहिल्या काही पावलांत फुगलं, पाचटाचा तरंगता गठ्ठा पुढे ढकलत गेलं, मग गठ्ठा अडला आणि पाणी वरंबा फोडून शेजारच्या सरीत घुसलं. तात्यांनी खोऱ्याने माती ओढली, फुटलेली जागा बुजवली, तोवर खाली दुसरीकडे फुटलं. कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ बांधावर उभे होते. कुणी काही समजावून सांगितलं नाही. थोड्या वेळाने शास्त्रज्ञांनीच विचारलं, एक सरी आड पाचट भरून रिकाम्या सरीतून पाणी दिलं तर? ही पद्धत नवी नाही, शिफारशींत ती आहे. पण आता ती तात्यांच्या खोऱ्याला उत्तर म्हणून आली होती. "तसं जमंल," तात्या म्हणाले, "पण मग पाचट उचलून भरायचं कुणी?"

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. नेपाळमधल्या पाटांच्या त्यांच्या अभ्यासात दिसलं होतं की शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले साधे पाट सरकारी पक्क्या पाटांपेक्षा शेपटाकडच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतापर्यंत पाणी पोचवण्यात बऱ्याचदा सरस ठरतात, कारण नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात. अभ्यासक्रमात हे वाचताना मला आमची सहकारी पाणीपुरवठा संस्था आठवली. नियम बदलायचा अधिकार तिथे आहेच, तो वापरायला कारण मिळत नव्हतं. पाचट ठेवणाऱ्या शेतकऱ्याला फेराची अदलाबदल करू द्यायची, असं संचालकांनी एका गटापुरतं मान्य केलं. एका संचालकांचा विरोध होता आणि त्यांचा मुद्दा बरोबर होता: शेपटाकडच्या माणसाचा फेर यात मारला जाऊ नये. म्हणून अदलाबदल फक्त त्याच बाऱ्यातल्या (पाण्याच्या पाळीतल्या) दोघांच्या संमतीने, असं ठरलं. आणि चिटबॉयने तोडीची तारीख मशीनवाल्याला फोन करून आधी कळवायची. यात खर्च काहीच नव्हता.

तात्यांचा प्रश्न मात्र राहिला. पाचट भरायचं कुणी?

टोळी तोवर आमच्या कागदावर नव्हतीच. शेती अधिकारी म्हणाले होते, टोळीच्या मुकादमाशी आम्ही बोलतो, तुम्ही कशाला. मी तरी गेले. बीडकडून आलेली टोळी, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, रानाच्या कडेला, छपरावर तेच पाचट. एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "कुणी काडी लावली की आधी कोपीकडं पळावं लागतं, लेकरू आत निजलेलं असतं." पाचट न जाळण्यात सगळ्यात जास्त जीव गुंतलेला होता तो त्यांचा, आणि आमच्या कुठल्याच व्याख्येत त्या नव्हत्या. पण मजुरी टनावर. सोललेलं पाचट एका आड एका सरीत टाकायचं म्हणजे वेळ जाणार, आणि वेळ गेला की टन कमी. उलट उभा ऊस पेटवलेला असला की सोलायचं काम वाचतं, तोड झपाट्याने होते. हे तिने लपवलं नाही.

मुकादमाने सरळ भाव सांगितला. शेतकरी तो द्यायला तयार होते, कारण तोडीसाठी खुशाली, म्हणजे बिनपावतीचे वरचे पैसे, ते देतातच. एकाने तर मोठ्याने सुचवलं की खुशाली बंद करा आणि तेच पैसे पाचटाचे म्हणून पावतीवर घ्या. बैठकीत शांतता पसरली. खुशाली घेतली जाते हे कारखाना कागदावर मान्य करू शकत नाही, आणि मान्य केल्याशिवाय तिचं रूपांतर करता येत नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी विषय तिथेच थांबवला नाही, पण त्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यायलाही लावलं नाही. "यावर आज ठरवायचं नाही, फक्त कागदावर प्रश्न म्हणून लिहू," असं म्हणून लाल पेनाने लिहिलं. असल्या जागी पुढाकार घेणाऱ्या माणसाने तोडगा काढून दाखवावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला वाटतं, तो प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टिकवून धरणं हेच तिथे जास्त कठीण काम होतं.

त्या हंगामात गटातल्या बऱ्याच रानांत पाचट राहिलं, काहींत पेटलं. एका ठिकाणी शेजाऱ्याने लावलेली आग बांध ओलांडून ठेवलेल्या पाचटात शिरली आणि शेतकऱ्याने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर कडेच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवायची पद्धत लोकांनी आपणहून सुरू केली. ज्यांनी पाचट ठेवलं त्यांच्याकडे तण कमी आलं, पाण्याची एखादी पाळी वाचली असं ते सांगतात. शास्त्रज्ञांना मात्र मोजमाप हवं आहे आणि ते बरोबरच आहे, म्हणून यंदा काही सऱ्या बिनपाचटाच्या ठेवून तुलना चालू आहे.

खुशालीचा लाल प्रश्न तसाच आहे. मुकादम म्हणतो, हंगामात बोलून काही होत नाही, उचल (टोळीची आगाऊ रक्कम) ठरते तेव्हा बोला. करार पावसाळ्याच्या तोंडाला होतात आणि ते वाहतूकदारांशी होतात, टोळीशी नाही. म्हणून आता वाहतूकदारांच्या भेटी चालू आहेत. त्यातले दोघे म्हणाले, बैठक घ्या, पण कारखान्याच्या ऑफिसात नको.